काठीची सावली

डाव्या दांडीवरचे रबर एकाच बाजूला झिजले होते... कंट्रोलरवरची ती छोटी दांडी, अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्या माथ्यावरची नक्षी उजवीकडे अजून शाबूत, बोटाला खरखरीत लागणारी. डावीकडे मात्र पार गुळगुळीत, जवळजवळ ओलसर वाटावी अशी. रिहामने अंगठा त्यावरून फिरवला. 'साहा' या गेममध्ये असेच फिरावे लागते, समोरच्या माणसाभोवती, डावीकडून, न थांबता, काठी खांद्यावर टेकवून. काठी उगारायच्या बटणावरची निळी खूण मात्र अजून नव्यासारखी होती. शेजारी दुसरा कंट्रोलर पडला होता. त्यावर ती 'बर्क' खेळत असे. त्याची दांडी कोरी, आणि बटणांवरच्या साऱ्या खुणा पुसून गेलेल्या.

दोन गेममधला फरक कुणी विचारला तर काही न बोलता हे दोन कंट्रोलर पुढे ठेवावेत, असे तिला कितीदा वाटले होते. 'साहा', म्हणजे अंगण, तिने केलेला. 'बर्क', म्हणजे वीज, वाएलने केलेला – एके काळी याच खोलीत, तिच्या शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या वाएलने. दोन्हींमध्ये हत्यार एकच, दक्षिण इजिप्तमधल्या सईदी माणसांची लांब काठी. वस्तू तीच, वजन तेच, लांबी तीच, आणि तरी...

मागे सोफ्याची स्प्रिंग करकरली. बाबा झोपेत कूस बदलू पाहत होते, पण बसल्या बसल्या झोपलेल्या माणसाला कूस नसते. हाज दर्दीर – तिचे बाबा – पहाटेच्या गाडीने दक्षिणेतल्या सोहागहून कैरोत आले होते, संध्याकाळी इंबाबा भागात पुतणीचे लग्न होते म्हणून. "घरी एकटा बसून भिंती मोजू का?" म्हणत ते तिच्याबरोबर दुक्की भागातल्या या चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात आले, लिफ्टकडे संशयाने पाहून जिन्याने आले, बूट काढून ओळीत ठेवले आणि झोपले. पायाशी कापडी पिशवी होती. तिच्यात उन्हात फुगवून भाजलेल्या जाड भाकरी. खोलीभर त्यांचा आंबूस, गरम वास पसरला होता आणि त्या वासापुढे रिहामला आकडे दिसत नव्हते.

खरे तर आकडा एकच होता. गेममधल्या कॅमेऱ्याची उंची, म्हणजे अंगण किती वरून दिसते ते.

"'बर्क'मध्ये तुम्ही लढता, 'साहा'मध्ये तुम्ही लढाई बघता." – चाचणीसाठी गेम खेळलेल्यांपैकी कुणीतरी हे वाक्य लिहिले होते. दुबईच्या प्रकाशकाला ते इतके आवडले की त्याने ते कंपनीचा व्यवहार बघणाऱ्या नेव्हीनला फोनवर दोनदा वाचून दाखवले. कॅमेरा खाली आणा, म्हणाला. खेळणाऱ्याच्या खांद्यामागे, 'बर्क'सारखा. नाही तर हा गेम आम्ही बाजारात आणणार नाही. आज चार वाजता तो फोन करणार होता, आणि हो की नाही, ते रिहामने सांगायचे होते.

वाक्य वाईट नव्हते. नेमके होते, हेच त्याचे वाईट. तिला ते आंघोळ करताना आठवे, रस्ता ओलांडताना आठवे. लढाई बघता... जणू बघणे म्हणजे काहीच न करणे.

अभिमान होता तिला 'साहा'चा. तो तिने कधी लपवला नव्हता. एका मासिकाला ती म्हणाली होती, ही खरी काठी आहे, बाकी सगळे हात हलवणे आहे. आणि छापून आल्यावर आपण जरा जास्त बोललो असे तिला एक क्षणभरही वाटले नव्हते. कारण 'साहा'मध्ये समोर एकच माणूस असतो. ढोल चालू असतो, सनई चालू असते, दोघे एकमेकांभोवती फिरतात, काठ्या वर जातात आणि काही होत नाही. बराच वेळ काही होत नाही. मग समोरच्याची एक बाजू उघडी पडते, पापणी लवण्याइतकीच. तेव्हा बटण दाबायचे, आणि काठी त्याच्या डोक्याच्या वर येताच सोडायचे. काठी तिथे थांबली पाहिजे. डोके आणि काठी यांच्यामध्ये हवेचा एक पदर राहिला, तर तुम्ही जिंकलात. काठी खरीच डोक्यावर बसली तर मारणारा हरतो. ढोल गप्प होतो, भोवतीची माणसे पाठ फिरवतात, आणि कुणीतरी म्हातारा भांडण होऊ नये म्हणून मध्ये येऊन ओरडतो, "नबीचं नाव घ्या!" गावात असेच होते. ज्याला काठी थांबवता येत नाही त्याच्या हातात ती पुन्हा कुणी देत नाही.

"लोकांना फोडायचं असतं, रिहाम," वाएल म्हणायचा. "थांबवायचं नसतं."

"मग त्यांना मडकी दे."

"देईन. आणि तू बघशील, तूही फोडशील."

तो गेला आणि त्याने 'बर्क' केला. आणि तिने फोडली मडकी – खुणा पुसल्या जाईपर्यंत फोडली. हे ती कुणाला सांगत नसे, पण स्वतःशी खोटे बोलणे तिला कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतच अशक्य होऊन बसले होते. उपकरणाचे वाचन चुकले तर चुकले म्हणून लिहायचे. 'बर्क' चांगला होता. एक फटका संपायच्या आत दुसरा सुरू होई, दुसऱ्यातून तिसरा, आणि वाएलची किमया अशी, की चुकीच्या वेळी दाबलेले बटणही तो उदारपणे पदरात घेई, पुढच्या फटक्यात ओवून टाकी. माणसे अंगावर येत, काठी भिरभिरे. प्रत्येक आघाताला सगळे चित्र क्षणभर गोठे, कंट्रोलर तळहातात थरथरे... आणि त्या गोठण्यात, त्या थरथरीत, शरीर फसे. आनंदाने फसे. 'साहा' माणसाला फसवत नव्हता. 'साहा' वाट बघायला लावत होता. एक गेम म्हणत होता, तू जोरदार आहेस. दुसरा विचारत होता, तुला दिसतंय का?

कॅमेरा खाली आणून तिने पाहिले होते. आकडा बदलायला क्षणही लागला नाही. आणि गेम मेला. कारण 'साहा'मध्ये समोरच्याचा डाव त्याच्या काठीवरून कळत नाही, जमिनीवरच्या सावलीवरून कळतो. दुपार कललेली असते, सूर्य खाली आलेला. काठीचे टोक वीतभर उचलले तरी सावलीचे टोक अंगणभर धावते. वरून बघणाऱ्याला उचललेली काठी जवळजवळ हललेलीच दिसत नाही – ती तर डोळ्याच्या दिशेनेच येत असते – पण सावली सगळे सांगून टाकते, मनगट वळायच्या आधी सांगते. साधी भूमिती. कॅमेरा खांद्यामागे आणला की ती सावली खेळणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीआड जाते. उरतो एक संथ 'बर्क', ज्यात काही फुटत नाही.

"झोपलेत का उठलेत?" नेव्हीन हातात चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. प्रकाशकाचे फोन, भाडे, वीज, माणसांची भांडणे, सगळे तिच्याकडे. आवाज असा, की खाली पान्याने सिलिंडर बडवत चाललेला गॅसवालाही मान वर करून बघेल.

"उठलो," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"हाजकाका, गाडी वेळेवर आली म्हणे सोहागहून! यावर एक सईदी जोक झालाच पाहिजे."

"सगळे ऐकलेत मी, पोरी. तुम्ही कैरोवाले पिढ्यान् पिढ्या तेच सांगताय. आम्ही हसतो ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

नेव्हीन इतकी हसली की बशीत चहा सांडला. तिने पिशवीतली भाकरी न विचारता मोडून घेतली आणि रिहामच्या टेबलाशी येऊन आवाज खाली आणला – तिच्या मानाने खाली. "चारला फोन आहे. काय सांगायचं?"

"बघू."

"'बघू' त्याला नाही सांगता येणार. हे बघ, मला तुझा गेम आवडतो. मला तो खेळता येत नाही, पण आवडतो. मला सांग, कॅमेरा वर का हवा? एक कारण दे. 'असंच असतं' हे कारण नाही."

"असंच असतं," रिहाम म्हणाली. "खऱ्या काठीत असंच असतं."

नेव्हीनने खांदे उडवले आणि भाकरी चावत निघून गेली.

असेच असते. मी पाहिले आहे... लहानपणी पाहिले, आणि तीन वर्षांपूर्वी पुन्हा, वाएलला घेऊन गावी गेले तेव्हा पाहिले. दोघांकडे एकेक कॅमेरा होता. पुरुषांनी वाएलला रिंगणात सर्वांत पुढे जागा करून दिली, कुणीतरी त्याच्या हातात उसाचा रस दिला. आणि मी? मला कुणी काही सांगितले नाही, अडवलेही नाही. पाय आपोआप आमच्या घराच्या जिन्याकडे वळले. रात्री दोन्ही चित्रणे शेजारी शेजारी लावून बघितली. वाएलच्यात धूळ, दात, बाह्या, एखादा डोळा. माझ्यात सगळे काही. "बघ," मी त्याला म्हणाले होते, "तुझ्यात काही समजतच नाही." त्याने त्या डोळ्याशी चित्रण थांबवून ठेवले होते. त्याच्याकडे ते डोळे होते.

"यातला तुझा कुठला?"

बाबा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते, मोजे घातलेल्या पायांनी, आवाज न करता. त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते. ते गावात सांगत, माझी रिहाम कैरोत इंजिनीअर आहे; ती इंजिनीअर नव्हती, पण कॉम्प्युटरवर काठी खेळवते हे सांगणे त्यांना कठीण गेले असते. आणि तिने कधी दाखवले नव्हते. का नव्हते?

"आधी दुसरा बघा," ती म्हणाली.

'बर्क' सुरू झाला. ती खेळली, आणि बाबांना दाखवायचे म्हणून चांगली खेळली. माणसे उडाली, भिंती फुटल्या. बाबांच्या नाकातून हसू आले.

"हा माशा मारतोय का?"

"लढतोय, बाबा."

"याला दम लागत नाही? आम्ही ढोलाच्या चार आवर्तनांत जीभ बाहेर काढायचो." मग ते एकदम पुढे वाकले. "थांब. थांबव ते. हे बघ याचे डोळे."

चित्र थांबले होते. समोरच्या माणसाचा चेहरा पडदाभर, काठी वर गेलेली.

"मारायच्या आधी डोळा बारीक होतो. बघ, उजवा. हे कुणीतरी समोर उभं राहून बघितलंय. कोण हा मुलगा, तो तुझ्याबरोबर गावी आलेला अलेक्झांड्रियाचा? हात चालू तसं तोंड चालू, तोच ना? पण बघितलंय त्याने." त्यांनी पडद्यावरच्या डोळ्याकडे बोट नेले. "काठीकडे बघणारा मार खातो. डोळ्याकडे बघायचं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही. रिहामने 'बर्क' बंद केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. 'साहा' सुरू होताना ढोलाचे पहिले ठोके आले आणि मग ते अंगण: पिवळी माती, कडेला खजुराची सावली, माणसांचे गोल, वरून दिसणाऱ्या पगड्या.

बाबांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकले.

दोन माणसे फिरू लागली. ती नेहमीप्रमाणे डावीकडून फिरत राहिली. समोरच्याची सावली लांबली, आखडली, पुन्हा लांबली. ती बाबांच्या श्वासाकडे लक्ष देत होती.

"तो कधी मारणार ते तुला कसं कळतं?" त्यांनी विचारले.

"सावलीवरून."

"सावलीवरून?" ते हे इतक्या खऱ्या आश्चर्याने म्हणाले की तिचा अंगठा थांबला. "सावलीकडे कोण बघतं? आयुष्यभर काठी खेळलो मी, सावली कधी बघितली नाही. पायाखाली असते ती. खाली बघितलं की गेलास."

पडद्यावर समोरच्याची काठी तिच्या माणसाच्या डोक्याशी येऊन थांबली. ती हरली होती. लोकांनी आनंदाने आरोळी दिली. तिनेच गेममध्ये घातली होती ती आरोळी, इतक्या आवाजांतून निवडून.

खरी काठी. बाकी सगळे हात हलवणे. मासिकातले ते वाक्य आता या खोलीत, भाकरीच्या वासात, मोठ्याने कुणी वाचून दाखवावे तसे ऐकू आले... वाएलने समोरून बघितले. मी काय बघितले? जे खेळणाऱ्या एकाही माणसाने कधी बघितले नाही ते. आणि त्यालाच खेळ म्हणाले. वाचन चुकलेले नव्हते, एकही आकडा चुकलेला नव्हता. फक्त उपकरण कुठे ठेवले होते हे लिहायचे राहून गेले होते. आणि ते न लिहिणे इतके सोपे, कारण तिथल्या कुठल्याही बाईला विचारा, काठी कशी असते – ती हेच सांगेल. पगड्या, गोल, सावल्या.

"हे आपलं अंगण आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ही शेजारच्या हाज फौलींची भिंत. ही खजुरी पडली त्याला किती वर्षं झाली... हे छतावरून आहे. आपल्या छतावरून."

"हो."

"तू छतावर असायचीस."

"पीठ राखायला."

भाकरीचे गोळे मातीच्या ताटल्यांवर छतावर उन्हात फुगत ठेवायचे आणि चिमण्यांना हाकलत बसायचे, हे तिचे काम होते. इतर दिवशी ती कुरकुरे. काठीच्या दिवशी कधीच नाही.

"पीठ राखायला!" बाबा हसू लागले, खांदे हलवत, आवाज न करता. "म्हणून. म्हणून दर लग्नाला, मौलिदच्या दर जत्रेला आमच्या ताटात टोचलेली भाकरी. तुझी आई म्हणायची, या पोरीला चिमण्या भीत नाहीत. मी म्हणायचो, खा गुमान." त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. "पुन्हा लाव. या वेळी मी सांगतो. बघू तुझ्या सावलीत काय आहे."

तिने खेळणे कॉम्प्युटरवर सोडले. दोन्ही माणसे आपापली खेळू लागली. बाबा म्हणाले, उजवीकडून. काठी डावीकडून आली. ते म्हणाले, आता नाही. आणि ती आली. डोळेच दिसत नव्हते त्यांना. "डावीकडून," रिहाम हळूच म्हणाली, आणि डावीकडून आली. "खोटी आहे, परत घेईल" – परत घेतली. "आता." आणि आता. ती माणसांकडे नव्हे, मातीच्या त्या पट्ट्याकडे बघत होती, आणि एकदाही चुकत नव्हती. इतके सहज येत होते हे, की आपल्याला काही येते असे तिला कधी वाटलेच नव्हते.

बाबांनी अंदाज करणे सोडले. मग त्यांनी उंच माणसावर बोट ठेवले. किंचित डावा खांदा खाली टाकून चालणारा, वळताना टाच आधी टेकवणारा.

"हा मी आहे."

तिने मान हलवली. कुणाचे चित्रण नव्हते, फोटो नव्हता. ती चाल तिने आठवणीतून बसवली होती, कितीतरी दिवस घालवून, आणि नेव्हीनलाही सांगितले नव्हते.

बाबांनी त्या माणसाला फिरू दिले. काठी उगारू दिली. "थांब. इथे. काठी वर नेली की माझी डावी बाजू उघडी पडते."

"हो."

"नेहमी पडायची?"

"नेहमी."

"हाज फौली मला तिथेच धरायचा. कसा धरतो ते मेला तरी सांगितलं नाही त्याने." ते पडद्यावरच्या स्वतःकडे, स्वतःच्या पगडीकडे, पाठीकडे बघत राहिले, जे कुठल्याही माणसाला स्वतःचे दिसत नाही. "कुणीच सांगितलं नाही."

वर एक मुलगी बसलेली असायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून, तळव्यांना पोळणाऱ्या छतावर, आणि तिला दिसत असे. दर वेळी दिसत असे. ओरडावेसे वाटे – बाबा, डावी! – आणि ती ओठ दाबून धरी, कारण वरून मुली ओरडत नसतात.

"कोण सांगणार होतं," रिहाम म्हणाली.

बाबांनी हात पुढे केला. तिच्या पुढ्यातला कंट्रोलर, झिजलेल्या दांडीचा, उचलून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अगदी थोडा वेळ स्वतःला खेळवले. अंगठे मोठे, दोन बटणे एकदम दाबली जात होती. तो उंच माणूस अडखळत फिरला, एकदा काठी वर नेली आणि – डावा हात छातीशी आणला. बाजू झाकली. वेडीवाकडी, उशिरा, पण झाकली. "हं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला नाही. दोन्ही तळहातांवर आडवा धरून तो तिच्यापुढे केला, छातीच्या उंचीवर. रिंगणातून बाहेर पडणारा माणूस पुढच्याला काठी देतो तसा. तिने तो एका हाताने घेतला, कुणी पेन द्यावे आणि आपण घ्यावे तसा. बाबांनी सोडला नाही.

"दोन्ही हातांनी, पोरी."

तिने दुसरा हात वर आणला. त्यांनी सोडला. इतका हलका तो... हे तिला माहीत नव्हते. इतक्या वर्षांत ही देवघेव तिने कितीदा पाहिली होती, वरून. आणि वरून हे दिसत नाही, की देणारा त्या क्षणी घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो.

आत फोन वाजू लागला. "रिहाम!" नेव्हीनचा आवाज आला. "दुबई! काय सांगू?"

बाबा बूट घालायला खाली वाकले होते. पडद्यावर अंगण तसेच उघडे होते, लांब सावल्या, ढोल. आणि प्रकाशकाला आवडलेल्या त्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द तिच्या मनात पुन्हा आले – लढाई बघता. तेच शब्द, पण या वेळी कुठे लागले नाहीत. हो, तिने स्वतःशी म्हटले. बघते. तिथून, त्या छतावरून, मी. नेव्हीनला हवे असलेले कारण हेच होते, आणि ते फोनवर कुणाला पटेल की नाही हे तिला अजिबात ठाऊक नव्हते. आणि खालून ते डोळे कसे दिसत असतील, हेही आयुष्यात पहिल्यांदा तिला बघावेसे वाटू लागले होते.

"येते," ती म्हणाली, आणि उठली. कंट्रोलर अजून दोन्ही हातांत होता. अनवाणी तळव्यांखालची फरशी थंड असायला हवी होती, पण ती त्या छतासारखी पोळत होती.